गरिबाच्या अंगावरचे जुनेरही ओढणार काय?

फुकटात मिळालेला माल महागात विकण्याला आम्ही व्यापार म्हणत नाही. व्यापारी भांडवल घालतो, व्याज भरतो, माल पडून राहिला तर बुडतो. त्याच्या नफ्यावर कोणी डोळे वटारले तर त्याच्याजवळ उत्तर असते. पण ज्याने एक दमडी न घालता, गरिबांची नावे सांगून लोकांच्या कपाटांतले कपडे गोळा केले आणि मग तेच कपडे इस्त्री करून, हँगरला टांगून त्यांवर बाजारभावाच्या चिठ्ठ्या डकवल्या, त्याने काय उत्तर द्यावे? मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे आम्ही दुष्काळात पाहिले, पुरात पाहिले, करोनात तर रोज पाहिले. आता ते जुन्या कपड्यांच्या बोचक्यावर येऊन बसले आहेत, आणि छातीवर बिल्ला मात्र समाजसेवेचा आहे!

पनवेलकरांनी या प्रकाराकडे डोळे उघडून पाहावे, कारण नव्याची मस्ती आणि जुन्याची गरज इतक्या शेजारी नांदणारी गावे थोडी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. गुंठ्याचे भाव ऐकून म्हाताऱ्यांना घेरी यावी अशी स्थिती आहे. खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या मजल्यांवर मजले चढले आणि त्या घरांची कपाटे दर दिवाळीला ओसंडू लागली. याच तालुक्यात, माथेरानच्या पायथ्याला मालडुंगे-धोदाणीच्या बाजूस आदिवासींच्या वाड्या आहेत. सरकारने महाराष्ट्रातले जे तीन आदिवासी समाज विशेष दुर्बल म्हणून ठरवले, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर आपल्या रायगडातला कातकरी आहे. दिवाळी सरली की त्याचे बिऱ्हाड वीटभट्टीवर नाही तर कोळशाच्या भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. तळोज्याच्या कारखान्यांतला कंत्राटी कामगार, सकाळी नाक्यावर उभा राहणारा बिगारी, टॉवरच्या पायाशी पत्र्याच्या खोपीत राहणारे परमुलखाचे कुटुंब, हे सगळे त्याच पंगतीतले. या माणसांचे कापडदुकान म्हणजे रस्त्याकडेला अंथरलेली ताडपत्री आणि तिच्यावरचा जुन्या कपड्यांचा ढीग. तो ढीग महाग झाला, म्हणजे त्यांचे एकुलते एक दुकान बंद झाले.

हिशेब करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. वापरलेल्या शर्टाला दीडशे रुपये मागितले की अर्धा दिवस उन्हात घातलेला घाम गेला. दोन पोरांना दोन शर्ट घेतले की त्या दिवशी तेल-मिठाला हात लावायचा नाही. आणि हे दीडशे रुपये कोण मागतो? ज्याला तो शर्ट एका रुपयालाही पडलेला नाही तो! बरे, जुने परवडले नाही म्हणून गरीब उघडा राहतो असेही नाही. तो नवे घेतो. पण कसले नवे? दोन धुण्यांत विटणारे, पहिल्याच पावसात आटणारे, काखेत उसवणारे पातळ टी-शर्ट. जुना दणकट सुती शर्ट त्याच्या अंगावर तीन वर्षे टिकला असता. जुन्याचे भाव चढवणारे त्याला निकृष्टाच्या तोंडी देतात, आणि वर्षाअखेरीस त्याचा खर्च दुप्पट झालेला असतो. गरिबी महाग पडते ती अशी.

आमच्या आया-आज्यांना जुन्या कपड्यांचा बाजार चांगला ठाऊक होता. दुपारी जेवणे उरकली की डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीला गाठोडे घेऊन बोहारीण दारात यायची. मग उंबऱ्यावर तासभर लढाई. तीन साड्या काढल्या की ती म्हणे, दोन पँटी टाका. पँटी टाकल्या की म्हणे, वर एखादा शर्ट द्या, तरच हा टोप. साडीला अस्सल जर असली तर सौद्याचा नूरच पालटायचा, कारण त्या जरीतल्या चांदीची किंमत दोघींनाही माहीत असायची. त्या सौद्यात दयामाया नव्हती, पण ढोंगही नव्हते. बोहारणीने कधी अनाथांचे नाव सांगून पातळ मागितले नाही. तिने टोप पदरचा दिला, बोचके पायी वाहिले, रात्री दिव्याखाली बसून बटणे लावली, उसवलेल्या शिवणी घातल्या, डाग काढले आणि मग तो कपडा बाजारात नेऊन मजुराच्या बायकोला विकला. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा केला आणि लाखो गरिबांची अंगे झाकली. कोणी त्यांना पुरस्कार दिला नाही, व्यासपीठावर बोलावले नाही. उलट घासाघीस करते म्हणून शिव्याच घातल्या!

तिचे आज काय केले? सोसायटीच्या फाटकावर पाटी लावली: फेरीवाल्यांना प्रवेश नाही. रखवालदाराने तिला हटकले, लिफ्टपाशी कॅमेऱ्याने तिला चोर ठरवले. रस्त्यावर बसावे तर पालिकेची गाडी गाठोडे उचलून नेते. पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा २०१४ साली झाला. सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, नगर पथविक्रेता समितीत त्यांचे प्रतिनिधी घ्या, सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणाला उठवू नका, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कायद्याचा कागद साहेबांच्या कपाटात आणि बाईचे गाठोडे पालिकेच्या गोदामात, अशी वाटणी आम्ही पाहत आलो. बोहारणीची वाट बंद केली, आणि जी वाट बंद झाली ती दान गोळा करणाऱ्यांना आपसूक मोकळी मिळाली. फाटकावर बोहारणीला हुसकणारी सोसायटी ‘कपडे दान करा’ लिहिलेली रंगीत पेटी मात्र कौतुकाने तळमजल्यावर ठेवून घेते. त्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे, पेटीतले काय होते, हे विचारण्याची तसदी एकाही सभासदाला घ्यावीशी वाटत नाही.

आता दुसरी टोळी पाहा. २०२० च्या टाळेबंदीत घरबसल्या जुने कपडे विकण्याची टूम इन्स्टाग्रामवर फोफावली. जुने वापरावे, पृथ्वीचा भार हलका करावा, हे म्हणणे सोळा आणे खरे आहे, आणि आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण गरिबाने जुने घातले तर ती त्याची लाज आणि सुखवस्तूने घातले तर ती त्याची हौस, असा हा मामला आहे. हौसेला मोल नसते, हे बाजाराने बरोबर हेरले. मग जुनी नऊवार फाडून तिच्या पिशव्या झाल्या, जुन्या पैठणीचे काठ काढून जाकिटे झाली, वडिलांच्या वेळचा डेनिमचा शर्ट नव्याहून महाग झाला. ज्याने हे स्वतःच्या पैशाने विकत घेतले आणि स्वतःच्या कसबाने नवे केले, त्याने खुशाल विकावे. आमचे भांडण आहे ते दानाच्या ढिगाला लावलेल्या चाळणीशी. चांगले, टिकाऊ, निर्मळ कपडे वरच्या चाळणीतच अडकतात आणि प्रदर्शनाच्या टेबलावर जातात. खाली गळून वाडीवर पोचतात ती पिवळी पडलेली बनियने, चेन तुटलेल्या पँटी आणि लग्नात एकदा मिरवलेले, मण्यांनी टोचणारे घागरे. ते घालून भट्टीवर विटा थापायच्या काय?

कपड्यांचेच कशाला, जुन्या वस्तूंचीही तीच गत आहे. नव्याने संसार मांडणाऱ्या मजुराला नवी खाट, नवी शेगडी, नवा पंखा परवडत नाही म्हणून तो जुन्याकडे वळतो. सोसायटीत घर बदलणाऱ्याने ‘कोणा गरजूला द्या’ म्हणून सोडलेली खाट गरजूपर्यंत पोचताना मध्ये तीन हात दलाली खातात. सरकारही मागे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक झाली आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकलेल्या जुन्या वाहनांच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के कर ठरला. लहान गाड्यांना तोवर १२ टक्के होता. व्यापारी तो कर आपल्या खिशातून भरतो असे ज्याला वाटते, त्याने एकदा गाडी विकत घेऊन पाहावी. ज्याला नवे घेणे अशक्य आहे, त्याच्या जुन्यावरही सरकारची नजर आहे.

जुना कपडा म्हणजे कचरा, त्यात कसला आला हिशेब, असा भोळा चेहरा करणाऱ्यांना आम्ही पानिपतची वाट दाखवतो. तेथे जगभरच्या लोकरी चिंध्यांचा धागा होतो, त्या धाग्याच्या घोंगड्या होतात आणि त्याच घोंगड्या भूकंप-पुराच्या वेळी मदत म्हणून वाटल्या जातात. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी जुन्या कपड्यांच्या गाठी फोडून निवडण्याचा मोठा उद्योग चालतो. देशातल्या धंद्याला धक्का नको म्हणून अशा कपड्यांच्या आयातीवर सरकारने निर्बंध घातले आहेत. ज्या मालासाठी आयातीचे कायदे होतात, त्याच्या प्रत्येक गाठीची कोणी तरी किंमत जाणतो. ती न जाणणारा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे सद्भावाने पिशवी भरून देणारा दाता!

दानाचे कपडे विकणाऱ्या या मंडळींचा पहिला बचाव ठरलेला: पैसा चांगल्या कामालाच जातो. चांगले काम करा, जरूर करा! पण गरिबाच्या नावाने आलेला कपडा गरिबालाच महाग विकून त्याच गरिबाच्या पोराला वही वाटायची आणि वहीबरोबर फोटो काढायचा, ही कोणती सेवा? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा निदान हलवायाला लुबाडतो. येथे तर भुकेल्याच्या ताटावरच तुळशीपत्र आहे. शाळा चालवायची असेल, दवाखाना काढायचा असेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे पावतीपुस्तक धरा. बिगाऱ्याच्या खिशात हात घालून धर्मादाय उभा करू नका.

दुसरा बचाव विलायतेतून येतो. इंग्लंडात पाहा म्हणतात, तिकडे धर्मादाय संस्थांची दुकाने गल्लोगल्ली आहेत, त्यांनीही भाव वाढवले. बरोबर आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅमने पहिले दुकान थाटले आणि पुढे ती चाल देशभर पसरली. पण त्या दुकानांना तेथल्या सरकारने काय दिले तेही सांगा. दानात आलेल्या मालाच्या विक्रीवर मूल्यवर्धित कर शून्य आणि दुकानाच्या स्थानिक करात ८० टक्के सूट! हे समाजाने दिले ते स्वस्त कपड्याच्या आणि सत्कार्याच्या भरवशावर. आणि तिकडेही भाव चढले तेव्हा सामान्य गिऱ्हाइकाने तोंडावर विचारले की, मग नव्या दुकानात का जाऊ नये? विलायतेची खोड उचलता, तर विलायती गिऱ्हाइकाचा प्रश्नही उचला. आपल्याकडे तर कपडे देणाऱ्याला करात छदामही सुटत नाही. प्राप्तिकरातली सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या दानाला नाही. म्हणजे दाता निव्वळ माणुसकीपोटी देतो. त्या माणुसकीवर भाव लावण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

तिसरा बचाव मात्र ऐकून घेण्यासारखा आहे. फुकट वाटले तर माणसाचा मान जातो, आणि फार स्वस्त ठेवले तर फेरविक्री करणारेच पोत्यांनी उचलून नेतात. यातली मानाची गोष्ट आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. हा वाद या देशात शंभर वर्षांपूर्वी थोरामोठ्यांत झाला आहे. ३१ जुलै १९२१ रोजी परळला गांधीजींनी विलायती कपड्यांची होळी पेटवली. जे कपडे उघड्यानागड्यांच्या अंगावर जायला हवेत ते जाळायचा आपल्याला हक्क काय, असा रवींद्रनाथांचा सवाल होता. ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की, ज्याला काम हवे आहे त्याच्यापुढे उतरलेले कपडे टाकणे हा त्याचा अपमान आहे. दोघेही आपापल्या जागी मोठे होते, आणि दोघांच्याही डोळ्यांपुढे उघडा माणूस होता. भावाची चिठ्ठी कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हती! आपल्या काळात अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था उभी केली. गावाने विहीर खणली, रस्ता केला, तळे उपसले, तर त्या श्रमाच्या बदल्यात कपडे, ही त्यांची पद्धत. २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो मान राखून देण्याची ही रीत घालून दिल्यामुळे. मान राखायचा असेल तर दहा रुपये घ्या, वीस घ्या, श्रम घ्या. मानाच्या नावाखाली दीडशे घेणे ही मानाची नव्हे, मापात मारण्याची रीत झाली. आणि फेरविक्रीची भीती असेल तर एका घराला एका वेळी किती नग, याची मर्यादा घाला. घाऊक उचलणाऱ्याला रोखता येत नाही म्हणून किरकोळ गरिबाचा गळा आवळायचा, हा कुठला न्याय?

आता चार खडे बोल देणाऱ्यांनाही. पनवेलच्या सुखवस्तू घरांनो, तुम्ही तरी काय दिवे लावता? जे पुसणे म्हणूनही चालणार नाही ते पिशवीत कोंबता, आतले कपडे न धुता देता, एका पायातली चप्पल देता आणि पुण्याची बेरीज करता. कपाट रिकामे करणे आणि दान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत हे घेणाऱ्याला सांगितलेले शहाणपण आहे. देणाऱ्याने बिनदाताची गाय द्यावी असा त्याचा अर्थ नाही. धुऊन द्या, बटण लावून द्या, जोडी जुळवून द्या. आणि दिल्यावर तोंड फिरवू नका. तुमचा कपडा कितीला विकला गेला हे विचारणे हा तुमचा हक्क तर आहेच, पण तेच तुमच्या दानाचे उरलेले अर्धे काम आहे.

केवळ शिव्याशाप देऊन लेखणी खाली ठेवण्याची आमची सवय नाही. आमच्या मागण्या स्वच्छ आहेत. पहिली: गरिबांसाठी म्हणून जमवलेल्या कोणत्याही कपड्याची किंमत रोजगार हमीच्या एका दिवसाच्या मजुरीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावी, आणि तो दर दुकानाच्या दारावर मराठीत व हिंदीत ठळक लावावा. दुसरी: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या ज्या संस्था दानाचा माल विकतात, त्यांनी किती नग आले, किती फुकट गेले, किती विकले आणि काय रक्कम आली, याचा वेगळा हिशेब वर्षाकाठी लोकांपुढे मांडावा. धर्मादाय आयुक्तांनी तो मागावा; मागत नसतील तर खुर्ची कशासाठी अडवली आहे ते सांगावे. तिसरी: मे २०२३ मध्ये केंद्राच्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत शहराशहरांतून जुन्या वस्तू घेण्याची आरआरआर (कमी वापरा, पुन्हा वापरा, पुनर्चक्रण करा) केंद्रे उघडली गेली. तसले केंद्र खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेल या चारही प्रभागांत बारमाही चालले पाहिजे, आणि तेथला माल दर महिन्याला ठरल्या दिवशी गाडीने वाड्यांवर गेला पाहिजे. फीत कापण्यापुरती उघडणारी केंद्रे आम्हाला नकोत. चौथी: २०१४ च्या कायद्याप्रमाणे जुन्या कपड्यांच्या विक्रेत्या बायांना प्रमाणपत्र आणि बसायला हक्काची जागा द्या. स्वस्त कपड्याची साखळी जिने इतकी वर्षे एकही अनुदान न घेता चालवली, तिला हुसकून तुम्ही कोणते स्मार्ट शहर वसवणार आहात?

यातली एकही मागणी मुंबई-दिल्लीच्या परवानगीसाठी अडून बसणारी नाही. पहिली दोन कामे संस्थाचालकांना उद्या सकाळी करता येतील, उरलेली दोन पालिकेला या आर्थिक वर्षात. न करण्याचे कारण एकच असू शकते, ते म्हणजे नीयत. ज्या संस्था मन लावून, दहा-वीस रुपयांत किंवा विनामूल्य, मान राखून कपडे पोचवतात, त्यांना आमच्या शब्दांनी खरचटणार नाही. उलट हिशेब उघडा झाला तर त्यांचीच मान उंच होईल. ज्यांना खरचटेल, त्यांनी खुशाल आमच्यावर रागवावे. आम्ही नावे घेतलेली नाहीत, कारण टोपी कोणाच्या डोक्यात बसते हे ज्याचे त्याला कळते.

आणि पनवेलकरांनो, हत्यार तुमच्याच हातात आहे. पुढच्या वेळी कोणी दारात येऊन ‘गरिबांसाठी जुने कपडे द्या’ म्हणाला, की पिशवी लगेच पुढे करू नका. आधी तीन गोष्टी विचारा: कोणाला देणार, कितीला देणार, आणि हिशेब कुठे लावणार? सरळ उत्तर मिळाले तर घरातले चांगल्यातले चांगले काढून द्या. उत्तर टोलवले, तर दार लावा, रखवालदाराला सांगून फाटक मात्र उघडा, आणि त्या बोहारणीला वर बोलवा. ती तुमच्या साड्यांवर घासाघीस करील, पण गरिबाचे नाव विकणार नाही.